बैल तेवढा काढा

कादंबरी छापून येण्याआधीच अख्ख्या तालुक्याला ऐकवलेला लेखक मी जन्मात एकच पाहिला, आणि माझं नशीब असं की तो घाटंजीच्या आमच्या शाळेत, माझ्याच शेजारच्या वर्गावर मास्तर होता. आठवडी बाजार असो की कोणाची सोयरीक, गुरुजी मेणकापडात गुंडाळलेलं बाड बगलेत मारून हजर. वस्तरा गळ्याशी असतानाही त्यांची कथा थांबत नसे. बाजारातला न्हावी वैतागून म्हणायचा, "गुर्जी, मान हालवू नका, नाहीतं कादंबरी अर्धीच राहीन!"

सुरुवात ठरलेली. गावात पाटलाचा बैल मरतो. गुरुजींच्या वस्तीनं नुकताच बुद्ध धम्म घेतलेला, म्हणून मेली ढोरं ओढणं बंद. बैल सडतो, गाव चिडतं, वस्तीची मजुरी तोडतं, चुली विझतात. 'आमी नाही वढत' असं पाटलाला पहिल्यांदा तोंडावर सांगणारी बाई म्हणजे खुद्द गुरुजींची आई. हे मी इतक्यांदा ऐकलं, की जेवताना मला त्या बैलाचा वास येऊ लागला.

दर सुट्टीत गुरुजी पुण्या-नागपूरला प्रकाशकांचे उंबरे झिजवून यायचे. "विषय दमदार आहे, पण आमचा वाचक जेवून वाचायला बसतो," असं एकानं ऐकवलं. शेवटी नागपूरचा एकजण तयार झाला. म्हणाला, बैल तेवढा काढा, लगेच छापतो. गुरुजी माझ्यापुढे येऊन उसळले, "गावातली ढोरं वढणं सोडलं आमी, आता पुस्तकातलं वढू काय?" मी कंटाळून म्हटलं, "काढा हो एकदाचा!" तेही थकलेच होते. त्यांनी बैल काढला.

पाठवण्याआधी आईला वाचून दाखवायचं म्हणून मला घरी नेलं. म्हातारी तूर पाखडत ऐकत होती. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "अन् बैल कुठी गेला?"

"काढला, माय. छापत नव्हते."

तिनं सूप खाली ठेवलं. "मंग आमी उपाशी राह्यलो कायले?"

काढलेली पानं गुरुजींनी पुन्हा होती तिथे लावली.

कादंबरी काही छापली गेली नाही. पुढे गुरुजींची फुलसावंगीला बदली झाली आणि मला वाटलं, सुटलो बुवा. परवा न्हाव्यापुढे मान वाकवून बसलो होतो. तो म्हणाला, "गुर्जी गेले तं करमून नाही राह्यलं." मलाही करमत नव्हतं. मी आपला सुरू झालो, "गावात पाटलाचा बैल मरतो..."

त्यानं वस्तरा बाजूला ठेवला आणि ऐकत बसला.