आतेसासूबाईंचा ऑपेरा

मरणाऱ्या माणसाने शेवटचा श्वास सोडण्यापूर्वी नीट, सावकाश, सगळ्यांना ऐकू जाईल असं गायलं पाहिजे, असं मनापासून मानणारी अख्ख्या चारकोपमध्ये एकच व्यक्ती आहे, आणि त्या माझ्या आतेसासूबाई आहेत. नात्यात कुणी गेलं की त्या समाचाराला येतात, पदर डोळ्यांना लावतात आणि थोड्या वेळाने हमखास विचारतात, "शेवटी काही म्हणाले का?" "नाही हो, झोपेतच गेले," असं उत्तर आलं की त्यांचा चेहरा उतरतो. झोपेत जाणं म्हणजे त्यांच्या मते भूमिका अर्धवट टाकून पळणं. इटलीतल्या ऑपेरात असं कुणी करत नाही. नायिकेला क्षय झालेला असो की नायकाच्या छातीत खंजीर घुसलेला असो, गाणं पुरं केल्याशिवाय तिथे कुणी डोळे मिटत नाही. "शिस्त आहे हो त्यांच्यात," आत्या म्हणतात.

हे वेड त्यांना लागलं वाकोल्याच्या चाळीत. मालवणकडच्या गावातून लग्न होऊन त्या तिथे आल्या आणि मराठी शाळेत भूगोल शिकवू लागल्या. वरच्या खोलीत गोव्याची एक म्हातारी विधवा राहायची, ती पियानोच्या शिकवण्या घ्यायची आणि सुटीच्या दुपारी तबकड्या लावायची. पहिल्यांदा तो आवाज वरून आला तेव्हा यजमान जेवत होते. घास हातात तसाच धरून ते म्हणाले, "ह्या बाईक कोण मारता काय? कशाक आरडता ती?" चौकशी करायला म्हणून आत्या जिना चढून गेल्या, त्या दिवेलागणीला खाली आल्या, तेही डोळे लाल करून. पुढे ती म्हातारी लेकीकडे कॅनडाला निघाली तेव्हा तबकड्या, ग्रामोफोन आणि ऑपेरातली गाणी इंग्रजी अर्थासकट छापलेली जाडजूड पुस्तकं तिने आत्यांना देऊन टाकली. चाळीतल्या बाकीच्यांनी तिच्याकडून पलंग आणि कपाट मागून घेतलं होतं.

पुढे चाळ सोडून त्या चारकोपला राहायला आल्या. त्या घरात शिरलात तर पहिल्यांदा दिसतात त्या भिंती. प्रबोधनकाळातल्या इटालियन चित्रांच्या छापील प्रती आत्यांनी जुन्या कॅलेंडरांतून कापून लावल्या आहेत. गुबगुबीत देवदूत, दाढीवाले संत, आणि मांडीवर बाळ घेतलेल्या इतक्या आया की हळदीकुंकवाला आलेल्या एका शेजारणीने विचारलं होतं, "इतकी बाळंतपणं तुमच्याकडे कुणाची झाली?" दुसरीने त्यातल्या एका आईच्या कपाळी भक्तिभावाने कुंकू लावलं. ते अजून आहे. आत्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. "शोभतंय की तिला," म्हणाल्या.

ऑपेराची गोष्ट सांगताना त्या खालच्या मजल्यावरचं भांडण सांगावं तसं सांगतात. पात्रांची नावं घेत नाहीत. 'तो मेला जहागीरदार', 'ती वेडी पोर', 'तिचा हट्टी बाप' एवढ्यावर भागतं. एकदा भाजीवालीकडे त्या मला एका कपटी भावाबद्दल सांगत होत्या. त्याने बहिणीचं लग्न खोटी चिठ्ठी दाखवून भलत्याशीच लावून दिलं. भाजीवालीने मेथीची जुडी खाली ठेवली आणि म्हणाली, "पोलिसात जा ना मग." आत्या गंभीरपणे म्हणाल्या, "आता काय उपयोग? ती वेडी झाली गं."

यजमान होते तोवर श्रोत्याची ददात नव्हती. त्यांना गाण्यातलं काही कळत नव्हतं. ते आरामखुर्चीत बसत, नायिका पहिल्यांदा गायला लागली की झोपत आणि मध्येच जागे होऊन विचारत, "मेला काय ता?" आत्या म्हणत, "अजून नाय. वेळ आसा." ते पुन्हा झोपत. हा संसार कित्येक वर्षं असा सुखाने चालला. मग ते वारले, तेही झोपेत. आत्यांनी त्यांना कधी नावं ठेवली नाहीत, एवढं मात्र खरं. पण घरात ऐकायला कुणी उरलं नाही. नातेवाईक येत, पण आत्या ग्रामोफोनकडे वळल्या की सगळ्यांना एकदम घरचा गॅस चालू राहिल्याची आठवण होई. मी लग्न होऊन अंधेरीला आले तेव्हा घरातल्या सगळ्यांनी मला आत्यांच्या स्वाधीन केलं आणि सुटकेचा निःश्वास टाकला. मी रविवारी जायची. मला गाणं फारसं कळायचं नाही. पण नारळाच्या रसात शिजवलेली त्यांची मॅकरोनी फार आवडायची.

आत्यांना इटालियन येतं, हे मात्र आम्ही सगळे अभिमानाने सांगायचो. म्हणून दोन वर्षांपूर्वी मी आणि माझा नवरा त्यांना टूरबरोबर इटलीला घेऊन गेलो. तिथे पोचल्यावर उलगडा झाला. त्यांचं सगळं इटालियन ऑपेरातलं होतं. त्यांना शाप देता येत होता, सूडाची शपथ घेता येत होती, विष पिता येत होतं. पण बाथरूम कुठे आहे हे विचारता येत नव्हतं. हॉटेलात पहिल्या सकाळी चहाला उशीर झाला तेव्हा त्या वेटरला काहीतरी बोलल्या. तो पोरगा थबकला, छातीवर हात ठेवून वाकला आणि धावत जाऊन चहा घेऊन आला. मी विचारलं, "काय म्हणालात?" आत्या म्हणाल्या, "काही नाही गं. हे निर्दया, तुझ्या वाटेकडे डोळे लावून माझे प्राण कंठाशी आले, एवढंच."

मिलानमध्ये आम्ही टूरवाल्यांकडून एक संध्याकाळ मागून घेतली आणि ऑपेराला गेलो. आत्या मोरपंखी पैठणी नेसल्या होत्या. नवरा पाय दुखतात म्हणून हॉटेलवरच राहिला. आम्ही दोघी अगदी वरच्या गॅलरीत बसलो. पडदा उघडला तशा त्या पुढे झुकल्या आणि पूर्ण अंकभर टेकून बसल्या नाहीत. आजूबाजूला माणसं डोळे पुसत होती. मध्यंतर झालं. आत्यांनी पलीकडच्या खुर्चीवरच्या बाईकडे वळून, पदर सावरून, त्यांचं ते जुनं, अलंकारिक इटालियन सुरू केलं. बाई चकित होऊन ऐकत राहिली. मग गोड हसली, इंग्रजीत म्हणाली, "छान, छान," आणि आपल्या नवऱ्याशी बोलायला लागली.

आत्या समोरच्या पडद्याकडे बघत बसल्या. मी म्हटलं, "आत्या, कॉफी आणू?"

"नको." मग त्या म्हणाल्या, "मला इतकी वर्षं वाटायचं, आपल्याकडे कुणाला यातलं कळत नाही, म्हणून आपण एकट्या. कळणाऱ्यांत जाऊन बसलं की बरं वाटेल."

"मग?"

"इथे सगळ्यांना कळतं गं. पण ज्याला त्याला आपापलं माणूस आहे."

मी त्यांचा हात धरला. दिवे मालवले. शेवटच्या अंकात नायिका रीतसर, सावकाश मेली. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. आत्या बसून होत्या.

परत आल्यावर त्यांनी ग्रामोफोन लावला नाही. मी दोनतीनदा गेले, तर टीव्हीवर मालिका चालू. चहा दिला, प्रकृती विचारली, पण ऑपेराचा विषय नाही. मला भीती वाटायला लागली. आमच्याच हाताने आम्ही त्यांचं काहीतरी संपवून आलो, असं नवऱ्यापाशी बोललेसुद्धा. मग एका रविवारी सकाळी त्यांचा फोन आला.

"येतेस का? मिलानला काय पाहिलं ते सांगते."

"आत्या, मी होते ना तुमच्या शेजारी."

"होतीस. पण तू तुझं पाहिलंस. मी काय पाहिलं ते तुला कुठे ठाऊक आहे?"

मी गेले. त्यांनी सगळं पहिल्यापासून सांगितलं: ती पोर कशी आली, कसा तिच्या बापाने घात केला, कोण कुठे उभं होतं, कुणाचा आवाज कुठे कापला. त्यातलं निम्मं मला तिथे दिसलंच नव्हतं. शेवटाला आल्यावर आत्या थांबल्या आणि नायिकेचं मरतानाचं गाणं त्यांनी स्वतःच म्हटलं. इतक्या वर्षांत मी त्यांना कधी गाताना ऐकलं नव्हतं. आवाज घोगरा, सूर जागेवर नाही, मध्ये दमही लागला. पण एक ओळ त्यांनी गाळली नाही. संपल्यावर मी पाणी दिलं. त्यांनी ते पिऊन विचारलं, "कंटाळलीस?" मी म्हटलं, "नाही. पुन्हा म्हणा." त्या हसल्या आणि आत जाऊन मॅकरोनी वाढू लागल्या.

निघताना त्या मला सोडायला गेटपर्यंत आल्या. रिक्षात बसून मी हात केला. त्यांचं लक्ष नव्हतं. त्या समोरच्या रस्त्याकडे बघत उभ्या होत्या, आणि ओठ हलत होते. दुसऱ्या कुठल्या तरी ऑपेराचा पडदा वर गेला असावा.