तुळजाबाईंची फ्रेंच पोथी

आष्टीच्या तुळजाबाई शिकल्या सातवीपर्यंत, पण पोथी वाचायला बसल्या की तालुक्यात जोड नाही. श्रावणात त्यांच्या ओसरीवर गल्लीतल्या बाया जमतात. तुळजाबाई चालीवर वाचतात आणि त्यांची सून शालू थांबून थांबून अर्थ सांगते. यंदा पोथी संपली तरी बाया दुपारच्या येतच राहिल्या. मग मीच तुळजाबाईंच्या हातात एक कादंबरी दिली. लिहिणारी फ्रान्समधली, आजची बाई. तीस-चाळीस भाषांत लोक तिला वाचतात, मराठीतही आलीय. खेड्यातल्या बायांना असलं काय कळणार, म्हणणाऱ्या शहाण्यांचा मला राग येतो. म्हणून मुद्दाम दिली.

तुळजाबाईंनी पुस्तकाला हळद-कुंकू वाहिलं आणि पोथीचीच चाल लावली. पॅरिसची आगगाडीसुद्धा त्या चालीत बराबर बसली. शालूचा अर्थ तर पुस्तकाहून गोड. गोष्टीतली सासू मुरंब्याच्या कपाटाची किल्ली कमरेला बांधून फिरते. तिथं शालू म्हणाली, "म्हंजे बघा, आपल्या आत्याबाई अन् तेलाचा डबा."

ओसरी हशानं फुटली. शेजारच्या आसराबाईला तर हसता हसता ठसका लागला. तुळजाबाईंनी पुस्तक फाटकन मिटलं.

"तुझा अर्थ तुझ्या माहेरी सांग!"

शालूही काही कमी नाही. सकाळच्या गाडीनं गेलीच माहेरी, भोकरदनकडच्या पिंपळगाव रेणुकाईला. तिचा नवरा कल्याण या दोघींच्या मधे पडत नाही, शहाणा आहे.

इकडे शेवटचा अध्याय राहिला. पोथी अर्धी सोडायची नाही आणि अर्थ सांगणारी हजर नसली तर समाप्ती करायची नाही, हा त्या ओसरीचा नेम. फ्रान्सच्या पुस्तकालाही तो लागला. बाया रोज येऊन विचारायच्या, "गोष्टीतल्या त्या सुनेचं पुढं काय झालं?" शेवटी मी म्हटलं, आणा इकडं, मीच वाचते अन् अर्थही सांगते.

"ताई, तुमचं वाचणं म्हंजे मोर्चातलं भाषण," आसराबाई म्हणाली. "गप बसा."

बाया गेल्यावर तुळजाबाईंनी मला हळूच विचारलं, "किती देशांत गेलं म्हणल्या हे पुस्तक?"

"तीस-चाळीस तरी."

"मंग तितक्या देशांत लोक मलाच हसून राह्यले की!"

माझं डोकं फिरलं. "काकू, तुम्ही एकट्याच तशा असत्या तर हे पुस्तक कुत्र्यानं तरी हुंगलं असतं का? तिकडं घरोघर तशी सासू हाय, म्हणून तर खपून राह्यलं!"

तुळजाबाईंनी पुस्तक उलटंपालटं करून पाहिलं. मग म्हणाल्या, "जपानात बी?"

"जपानात बी."

"तिथं बी किल्ली कमरेलाच?"

"कुठं का ठेवीनात. सुनेच्या हाती न्हाई, एवढं नक्की."

त्या फिसकन हसल्या. आणि पदर खोचत म्हणाल्या, "उद्या भोकरदनची गाडी किती वाजता?"

पिंपळगावात शालू दारातच उभी होती. तुळजाबाईंनी ना तब्येत विचारली, ना पाणी मागितलं.

"तुझ्यावाचून समाप्ती तटली. चल."

"येते. पण सासूचा अर्थ हाय तसाच सांगणार."

"सांग की. बिलकुल सांग. जरा मोठ्यानं सांग, मागच्या बायांना ऐकू येत न्हाई."

शालूची आई चहाचं आधण ठेवायला वळली, तर तुळजाबाईंनी तिचाच हात धरला.

"चहा राहू द्या, ईहीणबाई. तुम्ही बी जल्दी लुगडं बदला. तुम्हाला बी सून हाय न्हवं?"