एका माणसापुरता धडा

जगात कुणालाही काहीही शिकवता येतं, फक्त त्यासाठी आधी शिकवणाऱ्याचं तोंड बंद करावं लागतं, असं मानणारा माणूस मला आयुष्यात एकच भेटला आणि तो नेमका माझा थोरला साडू निघाला. बायकोच्या मोठ्या बहिणीचा नवरा. घरात सगळे त्यांना दाजी म्हणतात, म्हणून मीही दाजीच म्हणतो. उदगीरच्या मोंढ्यात त्यांच्या वडिलांचं आडत दुकान. तिथल्या गादीवर न बसता दाजींनी लातुरात ई-लर्निंगचे कोर्स बनवायची छोटी कंपनी काढली. बँकेतले कारकून, अंगणवाडीच्या ताई, दाळमिलमधले कामगार यांनी मोबाइलवर बघून शिकायचे धडे तिथे तयार होतात. पोरगा काय करतो असं कुणी विचारलं की दाजींचे अप्पा अजूनही सांगतात, "मोबाइलमधी शाळा काढलीया म्हनं. ना मास्तर, ना छडी. फी कोण देतंय कुणास ठाऊक!" नांदेडच्या एका शाळेत मी मराठी शिकवत होतो, ती नोकरी सुटल्यावर दाजींनी मला धडे लिहायला बोलावून घेतलं. नोकरीच्या पहिल्या दिवशी लोकांना ओळखपत्र मिळतं. मला खडीसाखरेची पुडी मिळाली.

ती पुडी तोंड बंद ठेवण्यासाठी होती. आपला धडा शिकणारा माणूस कसा वापरतो ते त्याच्या मागे बसून बघायचं, आणि बघताना एक खडा तोंडात धरायचा. "विरघळंस्तोवर बोलायचं न्हाई. चावायचा तर मुळीच न्हाई," असा दाजींचा कायदा. माझा पहिला धडा घेऊन आम्ही इस्लापूरला एका अंगणवाडीच्या ताईंकडे गेलो होतो. धड्यात पुढे जायला मी एक सुंदर पोपटी बाण काढला होता. ताईंनी चित्रावर बोट ठेवलं, अक्षरांवर ठेवलं, मोबाइल आडवा केला, पदराने पुसला, पण बाणाकडे काही त्या वळेनात. मी खडा कडकड चावून "ताई, तो बाण..." म्हणालो मात्र, दाजींनी माझ्याकडे असं पाहिलं की उरलेलं वाक्य मी गिळून टाकलं. परतीच्या एसटीत त्यांनी आधी दोघांची तिकिटं काढली. मग म्हणाले, "पाव्हणं, प्रत्येक मोबाइलसंगं इस्लापूरला येणार का तुमी? मंग बाण काढता कशाला? स्वतःच जावा की पाकिटात बसून."

"समजलं का?" हा प्रश्न त्यांनी ऑफिसात आणि घरात दोन्हीकडे बंद केलेला आहे. त्यांचं म्हणणं, आपल्या भागात या प्रश्नाला एकच उत्तर आहे, "हाव," आणि ते प्रश्न संपायच्या आधीच येतं. न समजलेला माणूस तर जरा जास्तच जोरात हाव म्हणतो. त्याऐवजी म्हणायचं, "करून दाखवा." यापायी त्यांनी पाण्याचं मशीन बसवायला आलेल्याला तासभर अडकवून ठेवलेलं आहे आणि रिक्षावाल्याकडून सगळा पत्ता उलटा म्हणवून घेतलेला आहे. एका लग्नात तर कमाल झाली. लग्न लावणाऱ्या स्वामींनी नवरदेवाला विधी समजावून सांगितला आणि सवयीने विचारलं, समजलं का? नवरदेव हाव म्हणाला. त्याबरोबर मागच्या खुर्चीवरून दाजी ओरडले, "स्वामी, करून दाखवाय लावा!" नवरदेव इतका गडबडला की त्याने मूठभर अक्षता स्वामींच्याच अंगावर टाकल्या. सगळा मांडव हसला. दाजी मात्र वहीतला हिशेब जुळावा तसे समाधानाने मागे टेकून बसले.

दुसरा छंद काटछाटीचा. कुठलाही मजकूर हातात आला की "हे वाचून माणूस उद्या काय करणार?" असं विचारायचं आणि उत्तर मिळालं नाही की त्यावर काट मारायची. मेहुण्याच्या लग्नाची पत्रिका तपासायला त्यांच्याकडे दिली, ती तारीख, कार्यालय आणि जेवणाची वेळ एवढीच शिल्लक राहून परत आली. आशीर्वाद देणारे, स्वागतोत्सुक, चिल्लीपिल्ली, सगळी भावकी गारद. एक चुलत सासरे त्यावरून एवढे बिथरले की लग्नात जेवले पोटभर, पण दाजींशी बोलले नाहीत.

या काटछाटीचं मूळ एका तुरीच्या दाण्यात आहे. दाजींनी धंद्यात नुकतंच पाऊल टाकलं होतं तेव्हा एका दाळमिलसाठी धडा केला होता: पट्टा साफ करण्याआधी मशीन बंद करा. एवढी एकच गोष्ट शिकवायची होती. हौसेने त्यांनी त्यात मिशीवाला, नाचणारा तुरीचा दाणा घातला आणि त्याच्या तोंडी गाणं दिलं. मालक खूश, कामगार त्याहून खूश. महिन्याने दाजी मिलमध्ये गेले तर सगळे जण तुरीचं गाणं म्हणत होते आणि चालत्या पट्ट्यावर झाडू मारत होते. कुणाला इजा झाली नव्हती हे नशीब. दाजी आजही नव्या पोरांना ही गोष्ट सांगतात. "गाणं याद राह्यलं, बटण न्हाई. आपण काय शिकवलं मंग? गाणं," म्हणतात आणि नाचणारं काही दिसलं की पुसून टाकतात.

असा हा माणूस गेल्या वर्षी घरच्याच धड्यात नापास झाला. आमचे सासरे वारले. सासूबाई, म्हणजे आम्हा जावयांच्या मामी, उमरीत स्टेशनजवळच्या दोन खोल्यांत एकट्या राहिल्या. त्यांना रोज सकाळी इन्सुलिन लागतं आणि ते आजवर मामाच पेनच्या सुईने त्यांच्या दंडावर देत आले होते. मामा गेल्यावर शेजारची नर्स येऊन देऊ लागली, पण तिची बदली ठरलेली होती. मेहुणा पुण्याला असतो. त्याचं म्हणणं सरळ होतं, आईला स्वतःच्या हाताने सुई घेता आली तर तिने राहावं, नाहीतर मी गाडी घेऊन येतो. मामींना पुण्याचं नाव नको होतं. उमरीत त्या साड्यांना फॉल-पिको करून देतात, दिवसभर दारात बायांची वर्दळ असते. "पुण्यात दारात उभं राह्यलं तरी कुणी इचारत न्हाई हो," त्या म्हणाल्या, "तिथं म्या साखरेनं न्हाई, गप्प बसून मरंल." हे ऐकून माझ्या बायकोला रडू आलं. दाजी म्हणाले, "मी धडा बनवतो."

स्वतःच्या दंडावर सुई टोचता येत नाही, तेव्हा डॉक्टरांनी पोटावर घ्यायला सांगितलं होतं. दाजींनी डॉक्टरांकडे बसून एकेक पायरी लिहून घेतली. मोठी अक्षरं, स्वच्छ चित्रं, एका वेळी एकच काम. नाच नाही, गाणं नाही. आवाज स्वतःचा दिला, कारण त्यांच्या आवाजाला गिऱ्हाईकं नावाजतात. मग आम्ही दोन्ही जोडपी उमरीला गेलो. मामींनी डोक्यावरचा पदर सारखा करून धडा शेवटपर्यंत पाहिला आणि संपल्यावर मोबाइलला हात जोडले.

आणि दाजी म्हणाले, "समजलं का, मामी?"

"हाव, जावईबापू. लई चांगलं केलं."

मी आणि बायकोने एकमेकांकडे पाहिलं. करून दाखवा म्हणायची दाजींची टाप नव्हती. ज्या सासूने जावयासमोर कधी डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही, तिला पोटावर सुई टोचून दाखवा असं कुठल्या तोंडाने म्हणणार? आम्ही जेवून परत आलो. मामी रोज उद्यावर ढकलत राहिल्या आणि नर्सची बदली जवळ येत चालली. मेहुण्याने पुण्याच्या घरातली वरची खोली आईसाठी रिकामी केल्याचंही कळवलं.

पुन्हा उमरी गाठली. या खेपेला दोघी बहिणी आईजवळ आत, दार बंद, आणि आम्ही दोघे साडू बाहेर ओट्यावर तोंडात खडीसाखर धरून. आतून धड्याचा आवाज येऊ लागला. हात धुवा. टोपण काढा. मग "आता साडी थोडी खाली सरकवा" असं दाजींच्याच आवाजात ऐकू आलं आणि तो आवाज एकाएकी दबला. दार उघडून अक्का, म्हणजे दाजींची बायको, तोंडाला पदर लावून हसत बाहेर आली. "अहो, तुमचा आवाज आला की आई डोक्यावर पदर घेती! अन् साडी सरकवायचं आलं की फोन उशीखाली कोंबती!" आतून मामी कडाडल्या, "मंग काय करू? तिकडून जावई बोलून राहिला अन् म्या पोट उघडं टाकू का?"

दाजी बराच वेळ ओट्यावरच्या मुंग्या बघत बसले. "अक्षर बघितलं, रंग बघितला, चित्र बघितलं," शेवटी ते म्हणाले. "बोलतंय कोण, ते बघितलंच न्हाई म्या."

अक्काच्या आवाजात धडा करू, असं मी सुचवलं. दाजींनी नकारार्थी मान हलवली आणि बंद दारातूनच हाक दिली, "मामी, तुमीच तुमाला सांगा. बाजूच्या बाईला सांगावं तसं. मी बाहेरच बसतो." मग अक्काने फोन धरला आणि मामींनी धडा सांगितला. "हं, हात धुतले का? न्हाई ना? उठ, आधी धू. आता सुई लाव. डागदरनं सांगितला तेवढा आकडा फिरव. कालची जागा सोडून घे. टोच. अगं घाबरती कशाला, लेकरं जन्माला घातलीस की! बटण दाब, अन् धा म्हणंस्तोवर काढू नको. काढ आता. झालं. इतकंच तर हाय." मध्येच मालगाडी गेली, तिचा आवाजही त्यात आला. वाक्या-वाक्यावर कात्री चालवणाऱ्या दाजींनी यातला एक शब्द कापला नाही. दुसऱ्या दिवशी नर्ससमोर मामींनी स्वतःच्या हाताने सुई घेतली, मग रोजच घेऊ लागल्या. मेहुणा येऊन डोळ्यांनी बघून गेला. येताना आणलेली मोकळी बॅग त्याने मोकळीच परत नेली.

तेव्हापासून रोज सकाळी मामींचा दाजींना फोन यायचा. शिकवलं त्यांनी, तर हजेरीही त्यांच्याकडेच, असा मामींचा हिशेब. "झालं बरं का, जावईबापू." कधी डाव्या बाजूला घेऊ का असं विचारायचं, कधी सुई बदलू का. दाजी कितीही मोठ्या गिऱ्हाइकासमोर असले तरी उठून गच्चीत जायचे. हळूहळू विचारणं कमी झालं. मग फोन एक दिवसाआड झाला, मग आठवड्याने, मग बंद. कुठला धडा कुणी कधी उघडला ते दाजींच्या संगणकावर दिसतं. मामींच्या नावापुढची रांग आता रिकामी असते. एरवी अशी रांग दिसली की दाजींची झोप उडते. इथे ते अभिमानाने सांगतात, "उघडावाच लागत न्हाई आता. याला म्हणतात धडा." खरंच आहे ते. तरी रोज सकाळी त्या वेळेला त्यांचं लक्ष फोनकडे जातं हे मला दिसतं आणि वाईट वाटतं.

परवा सकाळी आम्ही सगळे ऑफिसात होतो. मीटिंग चालू होती. दाजी मध्येच उठून गच्चीत गेले, मीही पाय मोकळे करायला मागोमाग गेलो. त्यांनीच फोन लावला होता.

"मामी, झालं का?"

"झालं की, कवाच. काही काम होतं का, जावईबापू?"

दाजींनी फोन या कानावरून त्या कानाला नेला. मग म्हणाले, "न्हाई. सहज केला."