गोलातली पहिली सही

शाळेत तिला सगळे क्रांतीबाई म्हणत. बारावीला इतिहास शिकवायची, आणि तिचा जीव कशात असेल तर तो क्रांत्यांच्या धड्यांत. कारणं, परिणाम, अपयशाची कारणं, सगळ्याचे पाच-पाच मुद्दे. पाच म्हणजे पाच. एका मुद्द्याला एक गुण. कितीही सुंदर लिहा, चार मुद्द्यांना चारच मिळणार. सख्ख्या पुतणीलाही तिनं कधी अर्धा गुण वाढवून दिला नव्हता.

वर्गात उभी राहिली की काय आवाज लागायचा बाईचा! उपाशी माणसांचे मोर्चे निघायचे, राजवाड्यांची दारं खिळखिळी व्हायची. आणि घंटा झाली की हीच बाई प्राचार्यांच्या खोलीसमोरून जाताना चपला वाजू नयेत म्हणून टाचा उचलून चालायची. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं म्हणून शिक्षकांच्या खोलीत हसायचे सगळे. हसणाऱ्यांचं काय जातं? ते कायम होते. ही अकरा वर्षं हंगामी. दर एप्रिलला नेमणूक संपायची आणि प्राचार्यांची मर्जी असली तर जूनला नवा कागद मिळायचा. नवऱ्याचा कारखाना बंद पडलेला, सासूचे गुडघे गेलेले, घर हिच्या एकटीच्या जिवावर. मर्जी राखणं हा तिचा दुसरा विषय होता, आणि खरं सांगायचं तर त्यातच ती जास्त तयार झाली होती.

बारावीत एक शिंप्याची मुलगी होती, शंकेखोर. 'बाई, एक शंका' म्हटल्याशिवाय तिचा एक तास जायचा नाही. बाकीचे शिक्षक कपाळाला हात लावायचे, पण क्रांतीबाईला ती पोरगी मनापासून आवडायची. शेजारी कायम तिची अबोल मैत्रीण. दोघींचा डबासुद्धा एकच. एकदा शंकेखोरनं विचारलं की तक्रार केली की पहिली सही करणाऱ्याचीच मान धरतात, मग पहिली सही करायची कोणी? बाई खूश झाली. फळ्यावर मोठं वर्तुळ काढून म्हणाली, जुन्या काळी खलाशी अशा गोलात सह्या करायचे. गोलाला सुरुवात नसते, त्यामुळे पुढारी सापडत नाही.

पंधरा दिवसांनी प्राचार्यांच्या टेबलावर एक टाइप केलेला कागद आला. पहिली मागणी, वाचनालय शाळा सुटल्यावरही उघडं ठेवा. दुसरी, मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी आणि पाणी द्या. तिसरी, आमच्या इतिहासाच्या बाईंना कायम करा, दरवर्षी त्या राहणार की जाणार या काळजीत आम्हाला ठेवू नका. खाली गोलात बत्तीस सह्या.

प्राचार्यांनी बाईला बोलावून घेतलं. आवाज चढवला नाही. चढवायची गरज नव्हती. तिसरी मागणी कोणाच्या फायद्याची आहे हे आंधळ्यालाही दिसेल, म्हणाले. संस्थेला वाटणार, तुम्हीच लिहवून घेतलंत. सुरुवात कोणी केली ते कळलं तर गोष्ट वेगळी.

तिसरी मागणी बाईनं दोनदा वाचली. अकरा वर्षांत तिच्यासाठी कोणी एक शब्द खर्च केला नव्हता. पण एप्रिलची भीतीही होतीच. जिंकली ती भीतीच.

तिनं कागद जवळ ओढला. शेवटी येणाऱ्याला जागा उरत नाही, तो अंग चोरून सही करतो. पहिल्याला सगळा कागद मोकळा. आधी तिला दाटीवाटीची सही सापडली, मग तिला लागून असलेली ऐसपैस, टपोरी सही. खरं तर शोधायचीही गरज नव्हती, पहिल्या सहीची शंका कोणाला आली होती ते तिला ठाऊक होतं. पण आपण बोललो नाही, कागद बोलला, एवढी सोय तिला हवी होती.

"ही," ती म्हणाली आणि तिनं सहीवर बोट ठेवलं.

शंकेखोरला आठ दिवस शाळेबाहेर ठेवलं. शाळेच्या नोंदीत 'वर्तणूक असमाधानकारक' असा शेरा पडला, तोच पुढे दाखल्यावर उतरणार. तो घेऊन कुठलं चांगलं कॉलेज तिला दारात उभं करणार? बाप दुकान बंद ठेवून दोन तास प्राचार्यांच्या दाराशी उभा होता, त्याला आत घेतलंच नाही. बाईला जूनचा कागद या वेळी आगाऊ मिळाला. हंगामीच.

परत आल्यावर मुलगी तास संपल्यावर थांबली. "बाई, एक शंका. गोलाला सुरुवात नसते ना? मग मी कशी सापडले?"

बाई फळा पुसत होती. मागे न वळताच म्हणाली, "तुमच्यातल्याच कोणीतरी सांगितलं असेल."

आता, दोघी मैत्रिणींच्या सह्या झाल्यावरच तो कागद वर्गात फिरला होता. पहिली सही कोणाची हे त्या अबोल मुलीशिवाय कोणालाच माहीत नव्हतं. तिनं रडून, शपथा घेऊन सांगितलं, उपयोग शून्य. डबे वेगळे झाले, बाकं वेगळी झाली. बाई रोज ते बघायची. एका वाक्यात मिटवता आलं असतं, पण राजवाडे हलवणारी ती जीभ टाळूला चिकटून बसली.

मग चाचणी आली. 'उठाव फसण्याची पाच कारणे लिहा.' शंकेखोरनं लिहिलं होतं: 'पाच लागत नाहीत. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ.'

बाईनं लाल पेन उघडलं. मग तिनं पाचपैकी पाच दिले. काय ही भरपाई! मान कापायची आणि वर केस विंचरून द्यायचे.

पेपर वाटले. शंकेखोरनं आपले गुण पाहिले. एक मुद्दा, पाच गुण. तिनं ते पुन्हा पाहिले. आता ही उठणार आणि शंका विचारणार म्हणून वर्ग वाट बघत होता. ती उठली, बाईकडे बघत राहिली. बाई टेबलाच्या खणात खडू शोधू लागली. खडू तिच्या हातातच होता.

मुलीनं काही विचारलं नाही. दप्तर उचललं आणि मागच्या बाकावर मैत्रिणीपाशी गेली. मैत्रीण आधी हलली नाही, मग थोडी सरकली.

त्यानंतर उरलेलं वर्षभर इतिहासाच्या तासाला तिला एकही शंका आली नाही.