आडनाव ऐकून मिळणारी यादी

मानपाडा रोडवर आमच्या बिल्डिंगखालीच एका टूरवाल्याचं ऑफिस आहे. पोर्ट ब्लेअरला तो स्वतः कधी गेलेला नाही, पण तिथं कुठं जेवावं हे त्याच्याइतक्या ठामपणे तिथली माणसंही सांगत नसतील. भर समुद्रात जाऊनही आपल्या माणसाच्या ताटात वरणभातच पडावा, ही त्याची समाजसेवा. त्यासाठी ड्रॉवरमध्ये तिथल्या शाकाहारी खानावळींची टाइप केलेली यादी असते. ती देण्याआधी तो पेनाचं टोपण चावत, अगदी गोड आवाजात आडनाव विचारतो.

मला तो वर्षभर ‘मित्रा’ म्हणत चहा पाजत होता. मग अंदमानचं बुकिंग करायला मी आईला त्याच्या ऑफिसात घेऊन गेलो. शाळेतून निवृत्त झालेली आई पहिल्यांदाच विमानात बसणार होती. ती मासे खात नाही, म्हणून तिनं जेवणाचं विचारलं. यादी अर्धी बाहेर आली.

“आणि काकू, आडनाव?”

आईनं सांगितलं. आमच्या भिंतीवर बुद्धाचा फोटो आहे, हे त्याला तेवढ्यावरून कळलं. यादी परत आत गेली.

“तुम्हाला काय काकू, तुमच्या लोकांना कुठंही चालतं.”

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आईनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

“खरंय,” ती म्हणाली. “तुमच्या घरीसुद्धा चालेल. रविवारी येते जेवायला. राहता कुठं?”

तो टोपण चावत राहिला. अख्ख्या पोर्ट ब्लेअरच्या खानावळी तोंडपाठ असलेल्या माणसाला स्वतःच्या घराचा पत्ता आठवेना.