मागं बसणारे मिस्त्री

मोटरसायकली दुरुस्त करून पोट भरणारा आणि मोटरसायकलीला मनापासून घाबरणारा माणूस मी एकच पाहिला. भोसरीला रस्त्याच्या कडेला पत्र्याची शेड टाकून बसलेले आमचे मिस्त्री. काम झालं की ते गाडी स्वतः चालवून बघत नसत. मालकाला चालवायला लावत आणि आपण मागं बसत. चप्पल काढून एक टाच गिअरबॉक्सला टेकवत, मालकाचा कोट दोन्ही मुठींत धरत आणि डोळे घट्ट मिटून घेत. बघणारे हसत. मिस्त्रींना त्याचं काही नव्हतं. "हँडल हातात असलं की मानूस भ्या इसरतो," ते म्हणत. "मागं बसलं की भ्या वाटतं. अन् भ्या वाटलं की समदं ऐकू येतं."

मी तेव्हा चाकणला गुराढोरांचा डॉक्टर होतो. माझी गाडी दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईच्याही आधीची, टाकीशेजारच्या दांडीनं हातानं गिअर टाकायची. तिचा दुसरा गिअर आपोआप निसटायचा. त्यावर मी एक अक्कल लढवली होती, दांडीला उजवा गुडघा दाबून धरायचा. एकदा बायकोला मागं बसवून इंद्रायणीचा उतार उतरत होतो. समोर कांद्याच्या बैलगाड्या आल्या, ब्रेक दाबताना गुडघा हलला आणि गिअर सुटला. इंजिनाचा आवाज एकदम मोकळा झाला आणि गाडी धावत सुटली. बैलाच्या शिंगापासून हातभर अंतरावरून आम्ही गेलो. बायको ओरडली नाही. घरी गेल्यावर एवढंच म्हणाली, "मी आता बसायची नाही." तिचे हात संध्याकाळपर्यंत गार होते. माझी अवस्था काही बरी नव्हती, पण मी पुरुष, म्हणून जेवलो.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री मागं बसले. मोशीच्या अलीकडेच त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "डाक्टर, गुडघा काढा."

"काढला तर सुटेल."

"सुटू द्या. मी हाय मागं."

मी काढला. गिअर सुटला. त्यांनी माझा कोट आणखी घट्ट आवळला, तरी ते डोळे मिटून ऐकत होते.

गिअरबॉक्स उघडल्यावर त्यांनी मला आत बघायला लावलं. दांडी बाहेर खाचेत बसायची, पण आतले दात एकमेकांत अर्धेच शिरायचे. त्यात माझ्या गुडघ्याच्या रेट्यानं गिअर सरकवणारा काटा वाकला होता, एका अंगानं झिजला होता. "रोग थोडा हुता, औषध तुमचं भारी पडलं," ते म्हणाले. त्यांनी काटा बदलला, आधी आतला गिअर पुरता बसवला आणि मग त्याच्या बेतानं दांडीला जोडलेला बाहेरचा गज लांब-आखूड केला. "आदी आतलं, मंग भाईरलं," हे ते प्रत्येक कामाला पुटपुटत.

गाडी घरी नेली तेव्हा बायकोनं एकच विचारलं, "ते मागं बसले होते का?" मी हो म्हटलं आणि ती बसली. पुढं प्रत्येक दुरुस्तीनंतर ती हेच विचारी.

हे घाबरणं कुठून आलं, ते त्यांनी एकदाच सांगितलं. लढाईत ते लष्कराच्या वर्कशॉपात होते. घाईत जोडलेली एक गाडी त्यांनी एका जवानाच्या हाती दिली. गाडी परत आणली गेली, जवान आला नाही. "गिअर निसटलेला हुता," ते म्हणाले. "मी मागं असतो तर कळलं असतं." मागं असते तर तेही गेले असते, हे मी बोललो नाही.

पुढं चिंचवडच्या बाजूला कारखाना निघाला आणि मिस्त्री तिथं लागले. पगार बरा होता. एका रविवारी चाकणला भेटायला आले तेव्हा चहा निवेपर्यंत बशीकडे बघत बसले. "दिसभर दातेरी चाकं कापतो, डाक्टर. कुनाच्या गाडीत जात्यात, ठावं न्हाई. आता कुनाच्या मागं बसू?" त्यानंतर ते पुन्हा दिसले नाहीत. कारखाना सोडून गावी गेले, असं कुणीतरी सांगितलं. गाव कुठलं, ते आम्ही कधी विचारलंच नव्हतं. याची आजही लाज वाटते.

गाडीचा गिअर पुन्हा कुरकुरू लागला तेव्हा मी दुसऱ्या मिस्त्रीकडून काम करून घेतलं. बायकोनं विचारलं, "नवे मिस्त्रीही मागं बसले होते का?"

"हो," मी म्हणालो.

ती बसली. इंद्रायणीचा उतार समोर दिसला. तिचे हात माझ्या कोटावर होते, निवांत, विश्वासानं ठेवलेले. मी गाडी थांबवली आणि मागं कुणीच बसलं नव्हतं, हे खरं सांगितलं. ती रागावेल असं वाटलं होतं. ती उतरली आणि पदर खोचत म्हणाली, "चला मग. धरून नेऊ." दोघं गाडी धरून तो उतार पायी उतरलो.

मी गाडी विकायची ठरवली. आधी स्वतः समोर बसून त्या नव्या मिस्त्रीला गिअरबॉक्स पुन्हा उघडायला लावला, आधी आतलं, मग बाहेरचं. गिऱ्हाईक राजगुरुनगरकडचे एक शाळामास्तर होते. त्यांना गाडीचा जुना रोग आणि माझी गुडघ्याची युक्ती सांगितली आणि म्हटलं, तुम्ही चालवा, मी मागं बसतो. चप्पल काढली, टाच टेकवली, डोळे मिटले. उताराला लागल्यावर मला इतकी भीती वाटली की गिअरचा प्रत्येक दात वेगळा ऐकू येऊ लागला. मास्तर अंग आखडून बसलेत, हे मुठींतल्या कोटातून कळत होतं. त्यांचाही गुडघा आता दांडीकडे गेला, हे मला न बघता समजलं.

"मास्तर, गुडघा काढा," मी म्हणालो. "मी आहे मागं."