सगळं पाणी बदल

परळच्या एका टॉवरमध्ये मी एका आजींना व्यायाम द्यायला जायचे. त्यांच्या गच्चीवरच्या पूलचं पाणी सांभाळायला एक माणूस रोज यायचा. तो पाण्यात कागदाची पट्टी बुडवायचा, तिचा रंग बघायचा आणि बेताने क्लोरीन टाकायचा. त्याच्या बोटांची सालं निघालेली असायची.

एकदा आजींची नात घसरून पाण्यात पडली. त्याने कपड्यांनिशी उडी मारून तिला बाहेर काढलं.

दुसऱ्या दिवशी पूल रिकामा होत होता. "पाणी बिघडलं का?" मी विचारलं.

"नाय ताई, पाणी एकदम बरोबर आहे. पण मी उतरलो ना त्यात! पोरीच्या आई, मॅडम बोलल्या, सगळं पाणी बदल."

गटारात चाललेल्या पाण्याकडे बघत तो हसला.

"पोरीला पण मीच उचललेलं. तिचं काय करणार?"